मदत हवी आहे: खासगी विद्यापीठाचा मालक कोण, ट्रस्ट की विद्यापीठ?

भाचीचा बी. फार्म.चा प्रवेश एका खासगी विद्यापीठात घेतोय. नाव लिहीत नाही, उगाच धागा उडायचा.

माहितीपुस्तिकेवर सोनेरी अक्षरांत "राज्य अधिनियमाद्वारे स्थापित, यूजीसी मान्यताप्राप्त" (यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग). काल बहिणीने पहिला हप्ता भरला, तर पावती आली भलत्याच एका शिक्षण मंडळाच्या नावाची. शिक्का मंडळाचा, सही मंडळाच्या खजिनदाराची. विद्यापीठाचं नाव फक्त 'तपशील'च्या रकान्यात, तेही पेनाने. विचारलं तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "एकच आहे हो ताई सगळं."

एकच असेल तर दोन नावं कशाला? आणि उद्या काही बिनसलं तर दाद कुणाकडे मागायची? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुना_कारकून:
एकच नाही. मंडळ ही 'प्रायोजक संस्था'. ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी सरकारकडे प्रस्ताव देते, जमीन-इमारत दाखवते, कायम निधी ठेवते. मग विधिमंडळ कायदा करतं आणि त्यातून विद्यापीठ जन्मतं, स्वतंत्र निगम निकाय म्हणून, म्हणजे कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती. त्याच्या नावावर मालमत्ता असते, त्याच्यावर दावा लावता येतो. म्हणून फी विद्यापीठाच्याच खात्यात जायला हवी. पावती बदलून मागा, लाजू नका.

कायदा लागतोच, कारण यूजीसी कायदा, 1956 च्या कलम 22 नुसार पदवी देण्याचा हक्क केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाला, अभिमत (डीम्ड) संस्थेला, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. छत्तीसगडने 2002 मध्ये एकच सरसकट कायदा करून नुसत्या अधिसूचनेवर शंभरावर विद्यापीठं काढली होती. कित्येकांना इमारतही नव्हती! सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये प्रा. यशपाल खटल्यात त्या कायद्यातली मूळ कलमंच रद्द केली.

आता कारभार. कुलपती बहुतेक कायद्यांत प्रायोजक संस्थाच नेमते. वर नियामक मंडळ, खाली व्यवस्थापन मंडळ, अभ्यासक्रम-परीक्षांसाठी विद्या परिषद. नियामक मंडळावर सरकारचा प्रतिनिधी असतो, पण बहुमत सहसा ट्रस्टच्या माणसांचं. कागदावर वेगळे आणि खुर्च्यांवर तेच चेहरे, हे खरं दुखणं. खिडकीतल्या माणसाला तेवढंच दिसतं, त्याचा दोष नाही.

निशिगंधा:
'यूजीसी मान्य' यावर फार विसंबू नका. बहुतेकदा अर्थ एवढाच की नाव यूजीसी कायद्याच्या कलम 2(एफ) खालच्या विद्यापीठांच्या यादीत आहे. अनुदानाची पात्रता त्याच कायद्याच्या कलम 12(बी) ची, ती वेगळी. आणि फार्मसीला फार्मसी कौन्सिलची मंजुरी स्वतंत्र लागते. ती नसेल तर पदवी मिळूनही फार्मासिस्ट म्हणून नोंदणी अडते. तुमच्या बाबतीत आधी हे बघा.

जुना_कारकून:
बरोबर. आणखी एक: राज्याचं खासगी विद्यापीठ बाहेरची कॉलेजं संलग्न करू शकत नाही. यूजीसीच्या 2003 च्या नियमांत ते एकात्म असावं असं स्पष्ट आहे. "आमचं केंद्र तुमच्याच गावात" म्हणाले तर पाय मागे घ्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. राजपत्रात कायदा सापडला. विसर्जनाचं, म्हणजे विद्यापीठ बंद करण्याचं, कलम वाचून जीव जरा भांड्यात पडला: शेवटची तुकडी बाहेर पडेपर्यंत प्रायोजक संस्थेला हात झटकता येत नाहीत. फार्मसी कौन्सिलच्या यादीत मात्र गेल्या वर्षीचीच मंजुरी दिसतेय. सोमवारी बहीण पावती बदलायला जाणार आहे, तेव्हाच यंदाचं मंजुरीपत्रही मागेल. दुसरा हप्ता तोवर थांबवलाय.