केळ्याचा गारेगार पुडिंग केक : तुम्ही कसा करता आणि कोणासाठी?

मारी बिस्किटांचे थर, मध्ये कस्टर्ड आणि पिकलेली केळी, मग रात्रभर फ्रीज. एवढ्यावर जो केक होतो त्याचे अनुभव एकत्र यावेत म्हणून हा धागा काढते आहे. सुरुवात माझ्यापासून.

मी ठाण्याची. घरात ओव्हन नाही, त्यामुळे मुलांच्या वाढदिवसाला हाच होतो. प्रमाण आठ इंची चौकोनी काचेच्या भांड्याचं. अर्धा लिटर दूध घ्यायचं, त्यातलं अर्धी वाटी गार दूध बाजूला काढून त्यात ४ सपाट मोठे चमचे व्हॅनिला कस्टर्ड पावडर कालवायची. डब्यावर दिलेलं प्रमाण बहुतेक वेळा वाटीत घेऊन खायच्या कस्टर्डचं असतं, कापायच्या केकला ते सैल पडतं. उरलेल्या दुधात ४ चमचे साखर घालून उकळी आणायची, गॅस बारीक करायचा आणि एका हाताने कालवलेलं दूध ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. घट्ट दिसलं की गॅस बंद करायचा मोह होतो, तो टाळा. बुडबुडे फुटू लागल्यावरही मिनिट-दोन मिनिटं ढवळा. कॉर्नफ्लोअरचा कच्चेपणा तेव्हाच जातो. गार करताना कस्टर्डच्या अगदी अंगावर बटर पेपर टेकवून ठेवला की साय धरत नाही, गुठळ्याही होत नाहीत.

क्रीम २०० मिली, चांगलं गार, फेटून मऊ शेंडे येईपर्यंत. त्यातलं निम्मं पूर्ण गार झालेल्या कस्टर्डमध्ये हलक्या हाताने मिसळायचं. भांड्यात बिस्किटं, त्यावर कस्टर्ड, त्यावर केळ्याच्या चकत्या, पुन्हा थोडं कस्टर्ड, पुन्हा बिस्किटं. केळं वर उघडं राहता कामा नये. सगळ्यात वर उरलेलं क्रीम. मला ४ केळी आणि साधारण २५ बिस्किटं लागतात. बिस्किटं दुधात बुडवायची अजिबात गरज नाही. रात्रभरात ती कस्टर्डमधलं पाणी शोषून घेतात आणि स्पंजसारखी होतात. या पदार्थाचा 'केक' तिथे होतो, गॅसवर नाही. म्हणून घाईच्या दिवशी मी हा करायला घेतच नाही.

तुम्ही केळी कोणती घेता, क्रीमऐवजी काय वापरता, आणि कोणासाठी करता, तेही लिहा. शेवटचं तर नक्की लिहा.

सावदा, जि. जळगाव

ताई, केळ्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमची तापीकाठची बाग आहे. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात घरातलं प्रत्येक माणूस केळीवर वाढलेलं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात फार आनंद होता.

बाजारात आज मोठं, लांब, पिवळंधमक केळं दिसतं ते बहुतेक ग्रँड नैन. आधी आमच्याकडे बसराई, श्रीमंती होत्या. घड हिरवा असतानाच उतरवतात आणि तो व्यापाऱ्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये पिकतो. तिथे १६ ते १८ अंशांच्या आसपास तापमान ठेवून इथिलीन वायू देतात. ही पद्धत योग्य आहे. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ ला भिडतो, तेव्हा घरात टांगलेलं केळं आतून मऊ होतं पण साल हिरवीच राहते. अशा केळ्याला गोडी असली तरी सुगंध कमी, पुडिंगमध्ये ते हरवून जातं.

पुडिंगसाठी केळं कसं ओळखायचं? देठ पूर्ण पिवळा झालेला हवा. देठाशी हिरवं असेल तर एक दिवस थांबा. सालीवर तपकिरी ठिपके यायला सुरुवात झाली की ते केळं घ्या. कच्च्या केळ्यात स्टार्च भरपूर असतो, पिकताना त्याची साखर होते, ते ठिपके त्याचीच खूण. पण साल निम्मी काळी झाली असेल तर त्याच्या चकत्या पडत नाहीत. ते कुस्करून कस्टर्डमध्ये मिसळा आणि साखर निम्मी करा. आणि कच्चं केळं फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका. १३ अंशांच्या खाली ते पिकायचं थांबतं ते थांबतंच, वर साल काळी पडते.

माझी बायको हा केक शेतावरच्या मजुरांच्या मुलांसाठी करते, पोळ्याच्या दिवशी. पुरणपोळी असतेच. मुलं आधी हा मागतात.

अटलांटाजवळ, जॉर्जिया, अमेरिका

हा ज्या मुलखातला पदार्थ आहे तिथे मी सध्या राहते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या दक्षिणेत बनाना पुडिंग घरोघरी असतं. चर्चच्या सामुदायिक जेवणात असतं, बार्बेक्यूच्या हॉटेलात शेवटी हेच मागवतात. आपण मारी घेतो तिथे इथे छोटी, गोल, जाडसर व्हॅनिला बिस्किटं असतात. जुन्या पद्धतीत अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड शिजवतात आणि उरलेल्या पांढऱ्याला साखरेसह फेटून, त्याचा ढीग वर रचून ओव्हनमध्ये तांबूस करतात. ते कोमटही खातात. थंडगार, वर क्रीम असलेला प्रकार त्यानंतर फार पसरला. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या मॅग्नोलिया बेकरीने कंडेन्स्ड मिल्क आणि फेटलेलं क्रीम घातलेलं पुडिंग विकायला घेतलं आणि ते जगभर माहीत झालं.

इथे केळी पिकत नाहीत, मग हे इथलं कसं झालं, असं मला वाटायचं. उत्तर रेल्वेत सापडलं. मध्य अमेरिकेतून जहाजाने केळी न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात यायची आणि तिथून इलिनॉय सेंट्रल रेल्वेने उत्तरेला जायची. वाटेत केंटकी राज्यात फुल्टन नावाचं गाव लागतं, तिथे डब्यांमध्ये पुन्हा बर्फ भरत. त्या गावात १९६३ ते १९९२ केळ्यांचा उत्सव होत असे आणि त्यात एक टनाचं पुडिंग करून लोकांना वाटत. टेनेसीतल्या सेंटरव्हिलला बनाना पुडिंगचा उत्सव वेगळा भरतो.

माझ्या पहिल्या बाळंतपणात आई व्हिसाअभावी येऊ शकली नव्हती. शेजारच्या आजी तिसऱ्या दिवशी काचेचं झाकलेलं भांडं घेऊन दारात उभ्या. भांडं परत द्यायची घाई करू नकोस, एवढंच बोलल्या. आता आमच्या मंडळात कोणाकडे बाळ आलं की मी अळिवाचे लाडू नेते आणि सोबत हे पुडिंग. कस्टर्ड त्यांनी शिकवलं तसं, बलकाचं. वेलदोडा तेवढा माझा.

कोल्हापूर

क्रीमऐवजी चक्का. पाव किलो चक्का पुरणयंत्रातून काढायचा, त्यात ३ चमचे पिठीसाखर आणि २ चमचे साय. कस्टर्ड गार झाल्यावर एकत्र करायचं. चक्क्याचा आंबटपणा केळ्याला फार छान जातो आणि वडी सुबक कापली जाते. चक्का मात्र रात्रभर टांगलेला, कोरडा पाहिजे. आमच्या दहाजणांच्या घरात दूधदुभतं मुबलक, क्रीम विकत आणावंसं वाटत नाही.

*धागाकर्ती :* ही फार उपयोगी सूचना. जोडून एक सांगते. दुकानात छोट्या खोक्यात मिळणारी साधी फ्रेश क्रीम बहुधा २५ टक्के स्निग्धांशाची असते, ती कितीही फेटली तरी शेंडे धरत नाही. निदान ३० टक्क्यांच्या वरची व्हिपिंग क्रीम हवी. ती नसेल तर कोल्हापूरच्या काकूंचा चक्का.

सातारा

मी रसायनशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. घरी कस्टर्ड माझ्याकडे असतं. दोन गोष्टींची कारणं सांगतो.

केळं काळं का पडतं? कापल्यावर पेशी फुटतात, त्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडताच रंग बदलायला लागतं. लिंबाच्या आम्लाने ते मंदावतं. ४ केळ्यांना एक चमचा रस चोळा, चवीत कळत नाही. ताईंनी केळं कस्टर्डखाली पूर्ण झाकायला सांगितलं त्यामागेही हेच कारण आहे, हवा पोहोचत नाही.

घट्ट झालेलं कस्टर्ड सकाळी पातळ का होतं? कोणीतरी चमच्याने चाखून तोच चमचा परत भांड्यात घातलेला असतो. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं, आणि एवढीशी लाळही पुरते. अमेरिकेतल्या ताईंसाठी : अंड्याच्या बलकातही अमायलेज असतं. म्हणून बलक घातल्यावर कस्टर्डला स्पष्ट बुडबुडे येईपर्यंत उकळायचं. स्टार्च असल्यामुळे बलक फाटत नाही. नुसत्या बलकाच्या कस्टर्डला मात्र हा नियम लावू नका.

वसई

आमच्याकडे नाताळात होतो. राजेळी केळी वसईची खरी, पण ती कच्च्या चकत्यांना जड पडतात. मी राजेळीच्या चकत्या तुपावर दोन्ही बाजूंनी परतून, गार करून थरात घालते. मधोमध वेलची केळ्याचे तुकडे, ती आंबटगोड असतात. वर सुकेळीचे बारीक तुकडे. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखा रंग येतो. आता ती करणारी घरं कमी राहिली आहेत, मिळाली की मी जास्तीची घेऊन ठेवते. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर घ्यावी.

रत्नागिरी

विचारावं की नको कळत नव्हतं, पण विचारते. सासूबाई दूध आणि केळं एकत्र खात नाहीत, विरुद्ध आहार म्हणतात. त्यांच्यासाठी काही पर्याय?

*धागाकर्ती :* सासूबाईंच्या म्हणण्याला आधार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुधाबरोबर खाऊ नयेत अशा फळांच्या यादीत केळंही आहे. आपल्या घरांत शिकरण पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खाल्लं जातं हेही खरं. पण त्या पाळतात तर त्यांच्यासाठी वेगळं करूया. तुमच्याकडे नारळ आहे! दोन नारळांचं जाड दूध घ्या, साधारण अर्धा लिटर. साध्या कॉर्नफ्लोअरचे ४ चमचे, गूळ किंवा साखर, चिमूट मीठ. मंद आचेवर सतत ढवळत शिजवा, कॉर्नफ्लोअरमुळे नारळाचं दूध फुटत नाही. गूळ मात्र गॅस बंद केल्यावर घाला. बिस्किटांच्या पुड्यावरचे घटक वाचा, बहुतेक मारीत दुधाचे पदार्थ असतात. त्याऐवजी भाजलेल्या रव्याचा किंवा नाचणीच्या पिठाचा पातळ थर चालेल.

*रत्नागिरी :* केला. रव्याचा थर तुपाऐवजी खोबरेल तेलावर भाजून घातला. त्यांनी वाटी परत पुढे केली.

नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात वीज गेली की फ्रीजचा भरवसा नाही, म्हणून मी कस्टर्डमध्ये चायना ग्रास घालते. ५ ग्रॅम चायना ग्रास पाऊण वाटी पाण्यात भिजवून, पूर्ण विरघळेपर्यंत उकळून, गरम असतानाच गरम कस्टर्डमध्ये. एकदा लागलं की नागपूरच्या उन्हाळ्यातही खोलीत वितळत नाही. जिलेटिन वितळतं, शिवाय ते प्राणिज, आमच्याकडे चालत नाही. थर मात्र पटापट लावावे लागतात. आणि वितळत नाही म्हणजे टिकतं असं नव्हे, दूध आहे. फ्रीजबाहेर तासाभराच्या वर ठेवू नका.

सांगली

कोणासाठी ते लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर गिळायला त्रास व्हायला लागला. पाण्याचा ठसका लागायचा, पोळी तर बंदच. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं की पातळ आणि कोरडं दोन्ही टाळा, एकसारखं घट्ट, ओलसर असं द्या. कस्टर्डमध्ये कुस्करलेलं केळं त्यांना चाललं. थोडे दिवस गेल्यावर ताईंना विचारून त्यात पूर्ण भिजलेली मारी मिसळायला लागले. आधी बिस्किट चाळून घेत असे, एकही कोरडा कण राहू नये म्हणून.

आजारी माणसाच्या ताटात सगळं एकाच रंगाचं, बेचव येतं, आणि त्याचा त्यांना राग यायचा. हे मी काचेच्या वाटीत थर दिसतील असं लावायची. त्यांनी पहिल्यांदा स्वतः चमचा मागितला तो यासाठी. ज्यांच्या घरी असं कोणी असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्यावं, प्रत्येकाची गिळण्याची अडचण वेगळी असते. पण विचारा जरूर.

*धागाकर्ती :* सांगलीच्या ताई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. थर दिसतील असं लावायचं हे मी कायम लक्षात ठेवीन.

पुणे, वसतिगृह

आमच्याकडे गॅस नाही, सामायिक फ्रीज आहे. निम्मा डबा, म्हणजे २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, तेवढाच चक्का, मीठ कणभर. बिस्किट आणि केळं स्टीलच्या डब्यात थर लावून रात्रभर. सकाळी मैत्रिणी चमचे घेऊन हजर. एक विचारायचं होतं : परीक्षेच्या आठवड्यासाठी जास्तीचा करून फ्रीझरमध्ये ठेवला तर चालेल का?

*धागाकर्ती :* चक्क्याचा गोठवू नका, बाहेर काढल्यावर पाणी आणि चोथा वेगळा होतो. कॉर्नफ्लोअरच्या कस्टर्डचंही तेच, ते पाणी सोडतं. फ्रीजमध्ये दोन दिवस उत्तम राहतो, तिसऱ्या दिवशी केळं गळून जातं. परीक्षेच्या आठवड्यात रविवारी रात्री एक लावा आणि बुधवारी रात्री दुसरा. बुधवारसाठीची केळी रविवारी आणताना देठाशी थोडी हिरवी बघून घ्या.