बाबांची मॅच आणि लिव्हरपूलचे फोन

ए-१०२ : उद्याच्या फुटबॉल मॅचची यूट्यूबची लिंक कुणाकडं असेल तर टाका प्लीज. आमच्या बाबांना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कोल्हापूरच्या आपल्या शाहू स्टेडियमला जाता येत नाही, आणि मॅचच्या दिवशी जेवण झालं की ते इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. काय करताय विचारलं तर म्हणतात आवाज येतोय का बघतोय. आपल्या सोसायटीपासून स्टेडियम केवढं लांब, आवाज कुठला यायला. बघवत नाही हो.

बी-६०१ : लिंक टाकतो वहिनी. पण सासरे मोबाईलवर बघतात का?

ए-१०२ : पाच मिनिटं बघतात आणि ठेवून देतात. बॉल दिसत नाही म्हणतात. खरं म्हणजे त्यांना शेजारी बसून बोलणारं माणूस पाहिजे असतं, आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

सी-३०४ : वहिनी, तुमचा मेसेज वाचला आणि धाकट्या बहिणीनं सांगितलेलं आठवलं. ती इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला नर्स आहे, तिथल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबचं जुनं मैदान आहे ना गुडिसन पार्क, त्याच भागात राहते. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा एव्हर्टननं ब्लू फॅमिली नावाचं काम सुरू केलं, म्हणजे काय तर वर्षानुवर्षं मॅचला येणारे जे म्हातारे, एकटे राहणारे लोक आहेत त्यांना क्लबमधून फोन. नुसते ऑफिसच्या माणसांचे नाही, खेळाडूंचे पण, कॅप्टन सीमस कोलमनचे पण. जेवलात का, औषधं आहेत का, कुणी सामान आणून देतं का, आणि मग फुटबॉलच्या गप्पा. ज्यांच्याकडं काही नव्हतं त्यांच्या दारात जेवणाचं सामान. बहीण तेव्हा ड्यूटीवरून दमून यायची, तरी फोनवर हेच सांगायची, की ताई इथं लोकांना आजाराची भीती आहेच पण कुणाशी बोलणं नाही याचा त्रास जास्त आहे.

सी-३०४ : आणि रोमा क्लबनं इटलीत त्याच वेळी एप्रिलमध्ये ७५ वर्षांवरच्या सीझन तिकीटवाल्यांच्या, म्हणजे अख्ख्या हंगामाचं तिकीट काढणाऱ्यांच्या घरी मास्क, ग्लोव्हज, सॅनिटायझर आणि खाण्याच्या वस्तूंची पेटी पाठवली होती. क्लबकडं यादी असतेच ना तिकिटांची, त्यात वय असतं, पत्ता असतो. ती यादी बघून दुसरं कुणी नवीन तिकीट विकायला फोन करेल, यांनी घरी सामान पोचवलं. मला ते फार भावलं.

डी-५०४ : ताई तुमचं मन चांगलं आहे पण हे सगळं जाहिरातीसाठी असतं. करोडोंचे क्लब आहेत ते. चार म्हाताऱ्यांना फोन करायचा, व्हिडिओ काढायचा, संपलं. तिकिटाचे दर बघा एकदा त्यांचे.

सी-३०४ : काका दराचं तुमचं बरोबर आहे. त्याच गावातल्या लिव्हरपूल क्लबनं २०१६ मध्ये एक तिकीट ७७ पौंडांवर न्यायचं ठरवलं होतं, तेव्हा हजारो लोक ७७ व्या मिनिटाला चालू मॅचमधून उठून बाहेर गेले, आणि मालकांनी माफी मागून दर मागं घेतले. लॉकडाऊनमध्ये पण ह्याच क्लबनं जे खेळाडू नाहीत अशा कर्मचाऱ्यांचा पगार सरकारी योजनेतून घ्यायचं जाहीर केलं ४ एप्रिलला, लोक इतके चिडले की ६ तारखेला निर्णय फिरवला आणि चुकलो म्हणून पत्र काढलं. म्हणजे क्लब आपोआप चांगला वागतो असं मी म्हणतच नाहीये. त्याला हक्कानं टोकणारी माणसं गल्लीत असावी लागतात. पण फोनवर पलीकडं जो ८० वर्षांचा माणूस होता त्याला त्या दिवशी कुणीतरी नावानं विचारलं की नाही? ते तर खरं घडलं ना काका. व्हिडिओ निघाला म्हणून ते खोटं होत नाही.

डी-५०४ : हं. हे माफीचं माहीत नव्हतं.

बी-२०२ : ताई एव्हर्टन आणि लिव्हरपूल एकाच गावातले म्हणजे आपल्या पेठांसारखंच की मग. पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या टीमची मॅच असल्यासारखं 😀

सी-३०४ : अगदी तसंच रे. एव्हर्टनची मुख्य टीम गुडिसनला खेळायची तोवर, म्हणजे २०२५ पर्यंत, दोन्ही मैदानांत मैलभर पण अंतर नव्हतं, मध्ये एक बाग, स्टॅनली पार्क. एकाच घरात एक भाऊ निळा म्हणजे एव्हर्टनचा, एक लाल म्हणजे लिव्हरपूलचा. आणि तरी बघ, १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली, त्यात लिव्हरपूलची माणसं गेली, त्यातले काही नंतर खूप वर्षांनी गेले, आता एकूण ९७ धरतात, तेव्हा आठवड्याभरात लोकांनी त्या बागेतून एका मैदानापासून दुसऱ्या मैदानापर्यंत निळे-लाल स्कार्फ एकमेकांना बांधत नेले होते. २०१२ ला त्याचा खरा अहवाल आला तेव्हा एव्हर्टननं आपल्या मॅचला दोन लहान मुलं मैदानात पाठवली, एकाच्या पाठीवर ९ आणि दुसऱ्याच्या ६, एक निळ्या शर्टात एक लाल, हातात हात धरून. तेव्हा आकडा ९६ होता. शेजारच्या क्लबचं दुःख आपल्या मैदानात, आपल्या मॅचला. मला हे लिहितानाही भरून येतं.

सी-३०४ : आणि २०१५ पासून दोन्हीकडचे फॅन मिळून अन्नाचं काम करतात. मॅचच्या दिवशी मैदानाबाहेर जांभळ्या रंगाचे मोठे डबे ठेवतात, निळा आणि लाल मिसळला की जांभळा, म्हणून. येणाऱ्यानं डाळी, पास्ता, डबाबंद खाणं, जे असेल ते टाकायचं, ते गरजू घरांच्या फूड बँकेत जातं. बहीण सांगते की एखादा माणूस तिकिटाबरोबर हातात पिशवी घेऊनच निघतो घरातून. त्यांचं वाक्य आहे, भुकेला क्लबचा रंग नसतो.

ए-४०१ : किती छान ग. सेल्टिक क्लब तर मुळात याच्यासाठीच निघाला होता. आमच्या ह्यांनी सांगितलेलं, ते ग्लासगोला दोन वर्षं होते प्रोजेक्टवर. १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड नावाचे ख्रिस्ती धर्मसंघातले शिक्षक होते, पूर्व ग्लासगोतल्या गरीब पोरांच्या जेवणासाठी पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी टीम काढली. जेवण आधी, फुटबॉल नंतर.

सी-३०४ : वहिनी हे मस्त सांगितलंत. एव्हर्टन पण चर्चच्या पोरांची टीम होती आधी, १८७८ ची, सेंट डोमिंगो नावाची. सगळे असेच गल्लीतून आलेले.

सी-३०४ : एक राहिलं, काका तुमच्यासाठी. सप्टेंबर २०१६, संडरलँडला मॅच होती, एव्हर्टन तिथं पाहुणे. संडरलँडचा एक पाच वर्षांचा फॅन होता, कॅन्सर होता त्याला, उपचाराला पैसे गोळा चालले होते. एव्हर्टनचा त्याच्याशी काही संबंध नाही, गाव वेगळं, क्लब वेगळा. त्यांनी २ लाख पौंड दिले. नंतर गुडिसनला पण बोलावून टीमबरोबर मैदानात नेलं. पोरगं नाही वाचलं, २०१७ च्या जुलैत गेलं, त्याचा लाडका खेळाडू जर्मेन डिफो पत्रकारांसमोर बोलताना रडला होता. पैशानं जीव वाचला नाही म्हणून ते द्यायला नको होते असं कुणी म्हणेल का?

डी-५०४ : नाही म्हणणार. मीही नातवंडांचा आजोबा आहे.

सी-१०३ : मला यातलं फुटबॉल काही कळत नाही पण तालमीचं कळतं. २०१९ च्या महापुरात शुक्रवार पेठेत माझ्या माहेरी पाणी शिरलं, आई वरच्या मजल्यावर अडकलेली, तेव्हा तालमीची पोरं आली गळ्याएवढ्या पाण्यातून, आईला पाठीवर घेऊन बाहेर काढलं, दोन दिवस त्यांच्याकडंच जेवली ती. कुणी व्हिडिओ काढला नाही. त्या पोरांतली निम्मी स्टेडियमवर खेळणारी होती. आई अजून त्यांच्या टीमचा निकाल विचारते, खेळ कसा खेळतात ते तिला आजही माहीत नाही.

सी-३०४ : हेच म्हणत होते मी सकाळपासून, मला इतकं नीट सांगता आलं नाही. आपल्या तालमी कुस्तीच्या, मग फुटबॉल आला, पण तालीम म्हणजे पेठेचं घरच. मग ए-१०२ च्या बाबांसारखी माणसं, जी आयुष्यभर त्या पायऱ्यांवर उन्हात बसली, ती यायची थांबली तर कुणाच्या लक्षात आलं पाहिजे की नाही? मला वाटतं तालमीच्या पोरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, सांगितलं तर ती करतील. डी-२०१ चा मुलगा खेळतो ना एका टीमकडून?

डी-२०१ : हो काकू, मीच वाचतोय 🙏 आजोबांना मी ओळखतो, लहानपणी आम्हाला हाफ टाइमला शेंगा द्यायचे. ते येत नाहीत हे दोन मॅच झाल्या तरी लक्षात नाही आलं, चुकलंच. आमच्या कॅप्टन दादाला आत्ता नंबर देतो. आणि वहिनी, आजोबांना एवढ्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत, खालच्या बाजूला खुर्ची टाकायची परवानगी मागतो, दादा बोलेल आयोजकांशी.

ए-१०२ : अरे कशाला एवढा त्रास.

डी-२०१ : त्रास नाही वहिनी. तुम्ही फक्त नंबर द्या.

बी-६०१ : माझी गाडी आहे उद्या. डॉक्टरांनी बसायला परवानगी दिलीय का तेवढं विचारून घ्या.

ए-१०२ : दिलीय, दोन तास चालेल म्हणाले, पाय सरळ ठेवायचा.

डी-५०४ : मी पण येतो. त्यांच्या शेजारी बसतो. बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणालात ना.

ए-१०२ : बाबांना फोन आला. अर्धा तास झाला अजून बोलतायत. कुठल्या तरी जुन्या फायनलचा गोल चाललाय, पास कुणी दिला, गोलकीपर कुठं उभा होता, आणि पलीकडचा मुलगा मधूनमधून विचारतोय पुढं काय झालं आजोबा. सासूबाई चहा घेऊन तशाच उभ्या आहेत.

बी-६०१ : वहिनी साडेतीनला गाडी खाली लावतो. एक उशी घ्या, पायाखाली ठेवायला एक स्टूल मी आणतो.