सातवीण फुलली की तुम्ही काय वाचता? (अनुभव धागा)

मलप्रभाकाठ
काल संध्याकाळी खानापुरात बसमधून उतरले आणि सातविणीचा वास आला. तिथंच उभी राहिले. आप्पांची आठवण आली, म्हणून हा धागा.

आप्पा बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाचे मेंबर. १८४८ सालचं वाचनालय, त्यांना केवढा अभिमान त्याचा! दर महिन्याला बसनं जाऊन दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' आणायचे. त्यात महिन्यागणिक एक लेख. आश्विन लागल्याशिवाय आश्विनाचं पान उघडायचं नाही, हा नियम. वाचून झालं की पुस्तक परत, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आई म्हणायची, एकदाच विकत घ्या की. तर म्हणायचे, "घरात असलं तर मी पुढचं वाचून सोडीन."

वाचता वाचता पुस्तक पालथं घालून परड्यात जायचे. काय बघताय विचारलं की, "परीट आलेत." मी लहान, मला वाटायचं कपडे न्यायला कोणीतरी आलंय. तो शेपटी वरखाली करणारा पक्षी, पाऊस सरला की येणारा. आता दिसला की आप्पाच दिसतात.

मी मात्र दोन पानं झाली की फोन उचलते. तुमचं मन कसं थांबतं, लिहा.

निपाणीची सून
अंगणात सोयाबीन पसरलंय, राखण माझ्याकडं. इंदिरा संतांच्या कविता घेऊन बसते. एक कविता वाचायची, मग सगळं सोयाबीन पायानं परतायचं, मग दुसरी. परतताना पहिलीच डोक्यात घोळत असते. घाईनं चार वाचल्या तर एकही राहत नाही.

टिळकवाडी३
इंदिराबाई आपल्या बेळगावातच राहिल्या, हे पोरांना सांगायला पाहिजे हो. बाकी नंतर लिहिते, दूध ठेवलंय.

जांबोटीकर
कापणी चालू आहे. विळा हातात असला की मन दुसरीकडं जाऊन चालत नाही, बोट जातंय. रात्री गवे उतरायलेत म्हणून माळ्यावर जागलीला असतो. परवा टॉर्च लावून वाचायला बसलो तर सगळे किडे पानावर. बंद केलो. मग नुसता ऐकत बसलो. ओढ्याचं पाणी आता कमी झालंय, आवाज बारीक आलाय. श्रावणात हाच ओढा बोलू देत नव्हता. ते पण वाचनच धरा.

निपाणीची सून
दादा, जपून बसा. बरंच खाल्लं काय?

जांबोटीकर
खाल्लं कमी, तुडवलंय जास्त. अर्धा एकर गेला. अर्ज दिलोय, बघू.

मलप्रभाकाठ
वर्षभराची मेहनत हो. वाईट वाटलं वाचून.

शहापूर पेठ
आमच्या गल्लीत दिवसभर मागाचा खडखडाट. ३ वर्षांपूर्वी १० दिवसांच्या विपश्यनेला गेलो होतो. पुस्तक, वही, पेन, फोन सगळं पहिल्याच दिवशी जमा. बोलायचं नाही. सुरुवातीला नुसता नाकाशी श्वास बघायचा. पळून यावंसं वाटलं. पण घरी आल्यावर जे पहिलं पान वाचलो, त्यातला एकेक शब्द पोटात उतरला. असं पंधरा दिवस टिकलं, मग ऑर्डरी, धावपळ, संपलं. आता दुपारी माग बंद केला की २ पानं वाचतो. तिसरं वाचायचं नाही. ताई, तुमच्या आप्पांचा नियम कळला मला.

कणकुंबीची माहेरवाशीण
लेक कन्नड शाळेत. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सुट्टीत तो कन्नड लेखक तेजस्वींची 'कर्वालो' कादंबरी वाचतो आणि मला मराठीत सांगतो. त्यात उडणारा सरडा शोधायला जंगलात जातात. त्याला योग्य शब्द सापडेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात मी रताळी सोलते. इतकं सावकाश पुस्तक आयुष्यात ऐकलं नव्हतं.

टिळकवाडी३
आले परत. तो सरडा खरा असतो काय?

कणकुंबीची माहेरवाशीण
होय की! घाटाखाली मावशीच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, बघितलाय. पोफळीवरनं पोफळीवर तरंगत जातो. गळ्याखाली पिवळा पडदा असतो, तो हलला तरच दिसतो. नाहीतर सालीचाच रंग.

टिळकवाडी३
बघायलाच पाहिजे एकदा. रताळी कशी लावलीत तिकडं?

निपाणीची सून
ढग आले, सोयाबीन भरते. सगळ्यांचं रात्री वाचते.

जांबोटीकर
इकडं पण गडगडायलंय. ताडपत्री घाला आधी.