मदत हवी आहे: एकट्याने काचा पुसण्याचं काम, सोसायटी पंचायतीचा परवाना मागते

ओली_काच

काम असं: एकटा माणूस, स्कूटर, 6 मीटरची उघडणारी ॲल्युमिनियमची शिडी, 45 सेंटिमीटरची स्क्वीजी (काचेवरचं पाणी ओढायची रबरी पट्टी), बादली. बंगले, दुकानं आणि दुसऱ्या मजल्यापर्यंतचे फ्लॅट. दोरावरून लटकून करायचं काम घेत नाही. गिऱ्हाइकं गोव्यात पर्वरी, ताळगाव, कांदोळी, म्हापसा अशी विखुरलेली, म्हणजे तीन-चार पंचायती आणि एक पालिका.

एका सोसायटीच्या समितीला वर्षभराचं काम द्यायचं आहे, पण कागद तीन हवेत: ट्रेड लायसन्स, जीएसटी नंबर आणि कामगार खात्याचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स. पंचायतीत विचारलं तर दुकानाची घरपट्टीची पावती आणि जागामालकाची एनओसी आणा म्हणतात. दुकान नाहीच. सामान भाड्याच्या खोलीत असतं आणि मालक व्यवसायासाठी एनओसी देणार नाही.

यातलं खरंच काय लागतं? आणि परवाना काढला तर धंद्याला उपयोग होतो, की नुसती दरवर्षीची धावपळ?

सचिवांच्या_टेबलावरून

पंचायतीने पावती मागितली यात आडमुठेपणा नाही. पंचायत असो वा पालिका, ट्रेड परवाना व्यवसायाच्या जागेला धरून दिला जातो. घरपट्टी, जागामालकाची संमती, पाटीचं शुल्क, कचरा शुल्क ही सगळी जागेची प्रकरणं आहेत. गोवा पंचायत राज कायदा 1994 चा आणि पालिका कायदा 1968 चा. दोन्हींच्या डोळ्यांसमोर दुकान, गोदाम, कारखाना होता. शिडी घेऊन दारोदार जाणारा माणूस नव्हता. त्यामुळे तुमचा अर्ज कुठल्याच रकान्यात बसत नाही.

फेरीवाल्यांचं ओळखपत्र काढा असा सल्ला कुणी दिला तर त्याच्या मागे लागू नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात सेवा देणारेही येतात, पण रस्त्यावर बसून किंवा फिरून लोकांना सेवा देणारे. तुमचं काम गिऱ्हाइकाच्या आवारात, त्याने बोलावल्यावर.

करायचं ते असं. राहत्या पंचायतीच्या सचिवांना साध्या कागदावर अर्ज द्या: 'मी एकटा, कामगार न ठेवता, गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन काचा साफ करतो. माझं दुकान वा गोदाम नाही. या कामास आपला परवाना लागत असल्यास कोणत्या तरतुदीखाली, ते लेखी कळवावे.' दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी उत्तर समितीपुढे चालत नाही, शिक्क्याची प्रत चालते. उत्तराला उशीर झाला तरी विचारणा केल्याचा पुरावा हाताशी राहतो.

कॉन्ट्रॅक्टर लायसन्स विसरा. ते ठरावीक संख्येने मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला लागतं. समितीने बहुधा हाउसकीपिंग एजन्सीची यादी तशीच तुमच्यापुढे ठेवलेली दिसते.

खातेवही_फोंडा

जीएसटीचं सांगतो. नुसती सेवा देणाऱ्याला गोव्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेल्याशिवाय नोंदणीची सक्ती नाही. समितीला सहीचं पत्र द्या: उलाढाल मर्यादेखाली असल्याने नोंदणी नाही, बिलात कर आकारलेला नाही. समितीला खूश करण्यासाठी स्वेच्छेने नंबर घेऊ नका. घेतला की 18 टक्के कर बिलात चढतो, सोसायटीला तो परत मिळत नाही, आणि तुमचा दर शेजारच्या माणसापेक्षा तेवढाच महाग दिसतो. शिवाय काम नसलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं. शून्य विवरणपत्राला उशीर झाला तरी दिवसाला 20 रुपये.

त्याऐवजी उद्यम नोंदणी करा, म्हणजे केंद्र सरकारची लहान व्यवसायांची ऑनलाइन नोंदणी. आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. सर्चमध्ये वर येणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट पैसे घेतात, तिथे थांबू नका. व्यवसायाचा कोड निवडताना 8129 घ्या, काचा धुण्यासारखी खास साफसफाई त्यात येते. उद्यम म्हणजे परवानगी नव्हे, नोंदणी आहे. पण समितीच्या फाइलला एक क्रमांक हवा असतो, तो मिळतो.

हॉटेल वा कंपनीचं काम घेतलंत तर एका बिलात 30,000 च्या वर किंवा वर्षात 1 लाखाच्या वर गेल्यावर 1 टक्का टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) कापतील. पॅन दिला नाही तर 20 टक्के. पॅन बिलावरच छापा.

मिरामार_मजला_4

मला परवाना असावा असंच वाटतं. काचा पुसणारा माणूस बेडरूमच्या खिडकीशी उभा असतो, घरात कोण केव्हा नसतं ते त्याला कळतं. स्कॉटलंडमध्ये 1982 च्या कायद्यात काचा पुसणाऱ्यांचा वेगळा परवाना आहे. तो लागू करायचा की नाही ते प्रत्येक काऊन्सिल ठरवते, आणि अर्जदार योग्य माणूस आहे का, याबाबत पोलिसांचं मत घेतलं जातं. गिऱ्हाइकाला त्याचा आधार असतो, प्रामाणिक कामगारालाही असतो.

शिडी_चारास_एक

तो परवाना माणसाला मिळतो, खोलीला नाही, हा मुख्य फरक. पण तिथेही तो चारित्र्य बघतो, शिडी लावता येते का ते बघत नाही. शेजारच्या इंग्लंडमध्ये असा परवाना नाही. उंचीवरच्या कामाचे नियम मात्र दोन्हीकडे आहेत, 2005 पासून. जीव वाचतो तो त्या नियमांनी.

आपल्याकडे प्रत्येक पंचायतीचा वेगळा कागद सुरू झाला तर चार गावांत काम करणाऱ्याला चार शुल्कं, चार नूतनीकरणं. मोठी एजन्सी ते सहज भरेल, एकटा माणूस मरेल. राज्यभर चालणारं एकच ओळखपत्र, त्यात पोलीस पडताळणी आणि उंचीवरच्या कामाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, असं झालं तर त्याचं मी मनापासून स्वागत करीन.

तोवर ओली_काच, समितीला एक पान लिहून द्या. पोलिसांकडून चारित्र्य दाखला काढा आणि सोबत जोडा. पानावर हे असू द्या:

शिडी चारास एक. टेकू 4 मीटर उंचीवर तर पाय भिंतीपासून 1 मीटर दूर. पावसाळ्यात चिऱ्याच्या फरशीवर शेवाळ असतं, तिथे शिडीचे रबरी बूट घसरतात. आधी खराटा मारायचा, मग खाली मदतनीस. मदतनीस नसेल तर त्या दिवशी शिडी नाही.

छज्ज्यावर पाय नाही. किनाऱ्यालगत मीठ काँक्रीटमध्ये शिरून आतली सळी गंजते, वरून प्लास्टर चांगलं दिसतं आणि खालचा थर पोकळ असतो. ग्रिलला सुरक्षा पट्टा अडकवायचा नाही, ते चार स्क्रूंवर असतं.

खांबावरून घरात येणाऱ्या विजेच्या तारांपासून 3 मीटर अंतर. ॲल्युमिनियम तर नकोच, पण लांब दांडा कार्बन फायबरचा असला तर तोही वीज वाहून नेतो. फायबरग्लासचा घ्या.

विमा: प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख. हाड मोडलं तर दवाखान्याचं बिल त्यात येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी. काच फुटली किंवा खाली कुणाला लागलं तर त्याचीही वेगळी.

ओली_काच

सर्वांचे आभार. पंचायतीत अर्ज देतोय, उद्यम आजच. समितीला अजून एक धास्ती आहे: नव्या इमारतीच्या काचेवर ओरखडे पडले तर भरपाई कोण देणार? आणि त्याच आवारात एका जुन्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या आहेत, त्याही यादीत टाकल्यात.

शिडी_चारास_एक

नवी काच टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) असेल तर भट्टीतच तिच्यावर काचेची बारीक पूड चिकटून येण्याची शक्यता असते. ओल्या काचेवर बोटाचं टोक फिरवा. खरखर लागली तर ब्लेड लावायचंच नाही, ती पूड ब्लेडखाली येऊन ओरखडा ओढते. सिमेंट, रंगाचे डाग असतील तर एका कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा करून दाखवा, फोटो काढा, 'ब्लेडने झालेल्या ओरखड्यांची जबाबदारी नाही' यावर काम सुरू होण्याआधी समितीची सही घ्या. सही देत नसतील तर दरपत्रकात 'फक्त धूळ आणि मीठ, बांधकामाचे डाग नाहीत' असं लिहा.

शिंपल्यांच्या खिडक्यांचा दर वेगळा लावा, कारण त्या काचा नव्हेतच. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खाऱ्या डागांसाठी आपण काचेला व्हिनेगर लावतो, तो इथे लावला तर शिंपला विरघळून चमक जाते. स्क्वीजी आणि ब्लेड नको, कडेचे पापुद्रे सुटतात. पाणी ओतायचं नाही, लाकडी पट्ट्या फुगल्या की शिंपला मधोमध तडकतो. आधी मऊ सुक्या ब्रशने पट्ट्यांच्या खाचांतली धूळ काढा, मग पिळून घेतलेलं फडकं, लिटरभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. प्रत्येक शिंपल्याला मागून एका हाताचा आधार द्या आणि लगेच सुक्या सुती कापडाने टिपा. फुटका शिंपला सापडला तर हात लावण्याआधी घरमालकाला दाखवा, बदली शिंपला सहज मिळत नाही. जून ते सप्टेंबर हे काम घेऊच नका, लाकूड सुकत नाही.