जॉन क्रॅकॉअर आधी गिर्यारोहक की आधी लेखक?

रानवाट:
क्रॅकॉअरचं १९९६ च्या एव्हरेस्ट दुर्घटनेवरचं 'इन टू थिन एअर' काल रात्री संपवलं, झोपच नाही लागली. हा माणूस मूळचा गिर्यारोहक ना, मग लिखाणाकडे कसा वळला? मी ट्रेक करतो आणि थोडंफार लिहितो पण, म्हणून विचारतोय.

डोंगरवेडी:
आधी डोंगरच. वडलांनी आठव्या वर्षी ओरेगनमधल्या साउथ सिस्टरवर नेलं तिथून वेड लागलं. कॉलेजनंतर सुतारकाम, अलास्कात मासेमारी, पैसे जमले की चढाई. १९७७ ला तेविसाव्या वर्षी अलास्कातलं डेव्हिल्स थंब शिखर एकट्याने केलं. सुतारकी सोडून पूर्णवेळ लिहायला लागला तो १९८३ मध्ये.

कातळकडा:
मला तो लेखक म्हणून पटला तो त्याच्या टीममधला गाइड अँडी हॅरिस याच्या भागात. १० मे १९९६, एव्हरेस्टवरून उतरताना साउथ कोल या शिखराखालच्या खिंडीतल्या तंबूंच्या थोडं वर क्रॅकॉअरला एक जण भेटला, गालांवर बर्फाचा थर, एक डोळा गोठून मिटलेला, तंबू कुठेत विचारलं आणि उतारावरून घसरत खाली गेला, मग उठून धडपडत तंबूंकडे चालायला लागला. क्रॅकॉअरला वाटलं हा हॅरिस. हॅरिस सापडला नाही तेव्हा त्याने तसंच हॅरिसच्या घरच्यांना सांगितलं, मासिकात छापलं. पुढे एकेकाशी बोलून खणत गेला तेव्हा कळलं की तो दुसऱ्या टीमचा, पैसे भरून आलेला क्लायंट मार्टिन अ‍ॅडम्स होता, हॅरिस तंबूंपर्यंत आलाच नव्हता, तो वरच टीमचा प्रमुख रॉब हॉल याच्याजवळ होता. स्वतःची एवढी मोठी चूक त्याने पुस्तकात सविस्तर लिहिलीय. ऑक्सिजन संपला की डोळ्यांवरही विश्वास ठेवता येत नाही हे तिथे अंगावर येतं.

डोंगरवेडी:
@कातळकडा हे मान्य, पण दुसऱ्या टीमचा गाइड बुक्रेयेव्ह याच्यावर क्रॅकॉअरने अन्याय केला असं मला अजून वाटतं. गाइड असून ऑक्सिजनशिवाय चढला, क्लायंटच्या आधी उतरला हे खरं, पण त्याच रात्री वादळात एकटा परत बाहेर पडून तीन जणांना तंबूत कोणी आणलं? त्याने आपली बाजू 'द क्लाइंब'मध्ये मांडलीय, ते वाचल्याशिवाय मत बनवू नका प्लीज. आणि त्याच वादळात तिबेटच्या बाजूने चढलेले आपले आयटीबीपीचे (इंडो-तिबेट सीमा पोलीस) तिघं गेले, स्मानला, पालजोर आणि मोरुप. त्यांची नावं आपल्याकडे किती जणांना माहितीयेत?

रानवाट:
मलाही नव्हती. 'द क्लाइंब' आजच मागवतो. आणि मागच्या महिन्यातल्या ट्रेकचं लिहून ठेवलंय ते आधी बरोबरच्या दोघांना वाचायला देतो, अंधारात वाट चुकलो तेव्हा पुढे कोण होतं हे मी नुसतं आठवणीवरून लिहिलंय.