मदत हवी आहे: १९९१ ची व्होल्वो २४० घेऊन एकटीने हॅनोवर ते नॉर्डकॅप, गाडीची तयारी आणि रस्ता

नमस्कार मंडळी,

मी हॅनोवरला राहते, वय ५३. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघून गाडीनं एकटीच नॉर्डकॅपला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या कड्यावर, जाऊन यायचं ठरवलं आहे. २६ दिवसांची रजा मंजूर झाली. जावं की न जावं हे विचारायला हा धागा काढलेला नाही, ते ठरलं आहे. निघण्याआधी गाडीचं काय काय करून घ्यावं, ते विचारायचं आहे.

गाडी व्होल्वो २४० इस्टेट, २.३ लिटर पेट्रोल, पाच गिअर, १९९१ ची. तीस वर्षं ओलांडलेली आणि मूळ अवस्थेत राखलेली गाडी जर्मनीत ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदवता येते, त्यामुळे नंबराच्या शेवटी 'एच' आहे. वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो, आणि पर्यावरण स्टिकर नसला तरी शहरांच्या प्रतिबंधित भागात जाता येतं. पासिंग मार्चमध्ये झालं, गंज वरवरचा आहे. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड मी स्वतः बदलते. त्यापुढचं काम कधी केलेलं नाही.

आता दुखणी सांगते.

सगळ्यात जास्त काळजी पेट्रोलची. टाकी अर्ध्याखाली गेली की, विशेषतः उन्हाच्या दिवशी, गाडी चढावर ओढत नाही, झटके देते. मागच्या बाजूनं घूंऽ असा आवाज येतो. टाकी भरली की दोन्ही गायब. इथल्या एका गॅरेजनं प्लग, वायरी आणि कॉइल बदलून दिली, बिल झालं ३४० युरोंचं, फरक शून्य.

दुसरं, रात्री गाडी उभी केली की सकाळी खाली रुपयाएवढे ऑइलचे दोन डाग असतात. त्याच गॅरेजनं गिअरबॉक्स उतरवून मागचं ऑइल सील बदलायला सांगितलं आहे. तो आकडा ऐकून मी गप्प बसले.

तिसरं, टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा रबरी पट्टा) कधी बदलला याची नोंद आधीच्या मालकाकडे नाही. किलोमीटरचा काटा २,८७,००० वर थांबलेला आहे, त्यामुळे अंदाजही बांधता येत नाही.

रस्ता असा ठरवला आहे: हॅनोवर, हॅम्बुर्ग, पुटगार्डनहून रॉडबीची फेरी, कोपनहेगन, ओरसुंड पूल, मग स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यानं ई-४ महामार्गावरून हापारांडापर्यंत. तिथून फिनलंडमध्ये रोवानिएमी, इनारी, पुढे नॉर्वेत कारासयोक, ओल्डरफ्योर्ड आणि शेवटचे १२९ किलोमीटर ई-६९ वरून. परतताना आल्ता, नार्विक, लोफोटेन, मोस्केनेसहून बुडोची फेरी आणि खाली ओस्लो. रात्री शक्य तिथं गाडीतच झोपणार. मागची सीट पाडली की माझ्या उंचीला पुरेशी सपाट जागा होते, दोन रात्री झोपून पाहिलं आहे.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर त्यांनी आंबा घाटात बावीस वर्षं काढली. आता ८१ वर्षांचे आहेत, साखरप्याला असतात. मी बेत सांगितल्यावर त्यांनी थंडीबद्दल किंवा एकटेपणाबद्दल काहीच विचारलं नाही. "ब्रेक कसले आहेत?" एवढंच विचारलं. चारही चाकांना डिस्क आहेत म्हटल्यावर जरा निवळले. त्यांना फोनवर "गाडी नीट तयार केली" असं खरं सांगता यावं, एवढ्यासाठीसुद्धा मला हे काम पक्कं करायचं आहे.

गॉथेनबर्गहून प्रतिसाद

ताई, पहिलं दुखणं तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत की गाडी न बघता सांगता येईल. तुमच्या गाडीला पेट्रोलचे दोन पंप आहेत. एक टाकीच्या आत, तो फक्त पेट्रोल पुढे ढकलतो. दुसरा मोठा, गाडीच्या पोटाखाली, तो इंजिनाला लागणारं प्रेशर देतो. आतला पंप मेला तरी टाकी भरलेली असताना मोठा पंप स्वतःच ओढून घेतो. पातळी उतरली की त्याला हवा मिळायला लागते, मग तो असा घूं करतो. असाच चालवत राहिलात तर मोठा पंपही जाईल, आणि तो रोवानिएमीच्या पुढे कुठेतरी जाईल.

आधी फ्यूज बघा. या गाड्यांचे फ्यूज जुन्या पद्धतीचे, दोन्ही टोकांना धातू असलेले असतात आणि ती टोकं गंजतात. बोटानं फिरवून पाहा, नाहीतर सरळ नवे घाला. मग पेट्रोलचं झाकण काढून कान लावा आणि कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगा. आतून बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. नसेल तर पंप गेला. गुणगुण असेल तर पंपाला जोडलेली आतली आखूड रबरी नळी फाटली असणार. पंप काढलाच तर ती नळी बदलल्याशिवाय बंद करू नका, आणि पेट्रोलमध्ये बुडून राहणारीच नळी घ्या, साधी चालत नाही.

ऑइलचं सील आत्ता करू नका. इंजिनात तयार होणारी वाफ बाहेर न्यायला एक श्वासनळी असते, तिच्यात एक छोटी प्लास्टिकची जाळी असते. ती काजळीनं तुंबली की आतलं प्रेशर सीलमधून वाट काढतं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर रबरी हातमोजा बसवा. मोजा फुगला तर जाळी तुंबलेली आहे. जाळीचा खर्च अगदी किरकोळ. ती साफ करून शंभर-दोनशे किलोमीटर चालवा, मग डाग मोजा.

पेट्रोल पंपाचा रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच, जवळ जादा ठेवा. आतले सोल्डरचे सांधे जुने झाले की त्यांना चिरा जातात आणि गाडी अचानक बंद पडते. रिले मुठीएवढाही नाही.

आणि एक चांगली गोष्ट. स्वीडनमध्ये या गाडीचे सुटे भाग अजून मिळतात आणि उत्तरेत साठीच्या पुढचा कुठलाही मेकॅनिक ही गाडी डोळे मिटून उघडतो. तुम्ही तिला माहेरी घेऊन चालला आहात.

पुण्याहून प्रतिसाद

मी व्होल्वो कधी उघडलेली नाही, पण पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडरवर तीस वर्षं हात काळे केले आहेत. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. मीटर बंद आहे म्हणून अडून बसू नका. टायमिंग बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर, फॅन बेल्ट, रेडिएटरचे वरचे-खालचे होज, ब्रेकचे रबरी पाइप, ज्याची तारीख माहीत नाही ते सगळं बदलायचं. जुना फॅन बेल्ट चांगला निघाला तर फेकू नका, तोच जादा म्हणून डिकीत ठेवा. तो बसतो हे माहीत असतं.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. स्टेपनीचीही बघा. स्टेपनीकडे कुणी बघत नाही आणि ती पंधरा वर्षांची निघते.

तापमानाचा काटा वर जायला लागला तर हीटर पूर्ण सोडा आणि पंखा जोरात लावा. इंजिनाची उष्णता आत येते, काटा खाली येतो. तुमच्या वडिलांना हे मी सांगायची गरज नाही.

गॉथेनबर्गहून पुन्हा

बेल्टबद्दल दिलासा देतो. हे इंजिन अशा रचनेचं आहे की बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी बंद पडेल, इंजिन मरणार नाही. तरी बदलाच, कारण प्रश्न गाडी कुठे बंद पडते हा आहे. स्वीडनमधल्या येव्हले शहराच्या उत्तरेला ई-४ बऱ्याच ठिकाणी दोन अधिक एक लेनचा आहे, म्हणजे आळीपाळीनं एका दिशेला दोन लेन आणि दुसरीला एक, मध्ये तारेचं कुंपण. तुम्ही एक लेनच्या भागात बंद पडलात तर बाजूला घ्यायला जागा अपुरी आणि मागे ट्रकची रांग. झटके सुरू झाले की पुढच्या दोन लेनच्या भागाची वाट न बघता मिळेल त्या फाट्याला बाहेर पडा.

त्रोम्सोहून प्रतिसाद

ऑगस्टअखेर हा उत्तम काळ निवडलात. मध्यरात्रीचा सूर्य जुलैअखेर संपतो, तो मिळणार नाही. पण जून-जुलैत फिनलंडच्या लॅपलँडमध्ये डास इतके असतात की गाडीत झोपणाऱ्याचे हाल होतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथली भुर्ज आणि खाली पसरलेली झुडपं पिवळी-तांबडी व्हायला लागतात. रात्री अंधार पडतो, म्हणजे झोपही लागते.

अंधार पडतो याचा दुसरा अर्थ जनावरं. रेनडिअर कळपानं रस्त्यावर उभे राहतात, हॉर्नला दाद देत नाहीत. एक दिसला की आणखी चार आहेत असं धरून थांबायचं. मूस, म्हणजे तिथलं प्रचंड मोठं हरीण, जास्त धोक्याचा. त्याचे पाय इतके लांब असतात की धडकेत तो बॉनेटवरून थेट काचेवर येतो. जुन्या गाडीत एअरबॅगची खात्री नाही. म्हणून सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठा, पहाटे निघायची घाई करू नका. दिवे दिवसाही चालू ठेवणं नॉर्वे, स्वीडन, फिनलंड तिन्हीकडे सक्तीचं आहे. तुमची गाडी ते आपोआप करते का बघून घ्या.

पेट्रोल: इनारीच्या पुढे अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी समजा. बरेच पंप माणसाशिवाय चालतात, पिन असलेलं कार्ड लागतं. दोन वेगळी कार्डं ठेवा.

नॉर्डकॅपचं बेट मुख्य भूमीला समुद्राखालच्या बोगद्यानं जोडलेलं आहे. १९९९ ला सुरू झाला, ६.८७ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या २१२ मीटर खाली जातो, चढ-उतार ९ टक्क्यांपर्यंत. पूर्वी टोल होता, २०१२ पासून नाही. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. आत थंड असतं, धुकं असू शकतं, आणि तळाशी पोहोचल्यावर लगेच तेवढाच चढ सुरू होतो.

नॉर्वेत इतरत्र टोलनाके दिसणार नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल घरी येतं. निघण्याआधी नोंदणी करून ठेवली की हिशेब सोपा राहतो. आणि वेग सांभाळा. गावाबाहेर ८० ही मर्यादा आहे, दंड महिन्याचं बजेट मोडणारा असतो.

हेलसिंकीहून प्रतिसाद

मी दोन वर्षांपूर्वी एकटीनं लॅपलँड केलं, छोट्या गाडीनं. झोपण्याबद्दल बाईमाणूस म्हणून लिहिते. मला कुठेही भीती वाटली नाही, पण हायवेच्या अगदी कडेच्या थांब्यावर ट्रकच्या आवाजानं झोप येत नाही. तीन रात्री गाडीत आणि चौथी कॅम्पिंगच्या लाकडी खोलीत असा क्रम ठेवा. गरम पाणी, कपडे वाळवायला जागा, आणि कुणाशी तरी बोलणं होतं. गाडीत झोपताना किल्ली रोज एकाच जागी ठेवा आणि गाडीचं तोंड बाहेर निघायच्या दिशेला ठेवा. काचा थोड्या उघड्या हव्यात, नाहीतर श्वासाची वाफ साचून सकाळी आत पाणी गळतं.

रस्त्यावरच्या मदतीचं सभासदत्व असेल तर त्याच्या अटी आज वाचा. गाडी परदेशातून परत आणण्याला गाडीच्या किमतीची मर्यादा असू शकते, आणि जुन्या गाडीची किंमत कागदावर फार कमी धरतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी गाडीखालीच होते, म्हणून उशीर झाला.

फ्यूज बदलले, फरक नाही. टाकीला कान लावला, आत शांतता. पंप काढला तर त्याची नळी हातात तुटून आली, पंपही मेलेला. नवा पंप बुधवारी येतोय, नळी योग्य जातीची मागवली. हातमोजा फुगला! जाळी काढली तर तिच्यात भोकच उरलं नव्हतं, डांबर साचल्यासारखं झालं होतं. नवी घातली, १८० किलोमीटर चालवली, काल सकाळी खाली एकच डाग होता, तोही तिळाएवढा. सील बदलायचं रद्द.

स्टेपनी २००८ ची निघाली. पुण्याच्या दादांना नमस्कार.

सभासदत्वाच्या अटी वाचल्या, किमतीची मर्यादा खरोखरच आहे. ऐतिहासिक गाडी म्हणून तज्ज्ञाकडून किंमत लिहून घेता येते का ते विचारलं आहे.

बोगद्याचे आकडे वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी ९ टक्के म्हणजे किती ते विचारलं. शंभर मीटरला नऊ मीटर म्हटल्यावर म्हणाले, "मग दुसऱ्यात. चढताना जो गिअर लागेल, उतरताना तोच. आपल्या घाटात वर चढून खाली उतरायचं, तिथं आधी उतरायचं, म्हणून विसरशील. बोगद्याच्या तोंडाशीच गिअर टाक." हे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवलं आहे.

आता उरला टायमिंग बेल्ट. गॅरेजकडे पुन्हा जायची इच्छा नाही, स्वतः करायचा आहे. बेल्ट, टेन्शनर आणि पुढची सीलं आणून ठेवली आहेत. अडलं आहे ते क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या, बोल्टपाशी. तो माझ्या पान्याला आणि वजनाला जुमानत नाही. हॅनोवर किंवा ब्राउनश्वाइगच्या आसपास कुणाकडे लांब दांड्याचा पाना, पुली धरून ठेवायचं साधन आणि टॉर्क पाना (ठरावीक जोरानंच आवळणारा) आहे का? शनिवारी सकाळी ९ पासून मी अंगणातच आहे. दुपारचं जेवण माझ्याकडे, आमटी-भात आणि सोलकढी.