मदत हवी आहे: शेजारच्या आजोबांनी अल्बम दिलाय, शनिवारी काय बोलू?

पेडणेकरीण:
घाई आहे, म्हणून थेट सांगते. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या गावच्या बँडचा पहिला अल्बम ऐकायला दिलाय. शनिवारी त्यांच्याकडे चहाला जायचंय आणि ते विचारणारच, कसा वाटला. मी दोनदा लावला. संपता संपत नाही! गाणारा उचकी लागल्यासारखा गातो आणि मागे कुणीतरी भांडण झाल्यासारखी पेटी बडवतंय. नवरा म्हणतो, "छान आहे म्हण आणि सुट." पण आजोबा हुशार आहेत, दुसऱ्या प्रश्नाला पकडतील. हा अल्बम खरंच चांगला मानतात, की गावची पोरं म्हणून कौतुक? कुठल्या गाण्यावर बोलू? लवकर सांगा.

खडूस_काका:
बँडचं नाव?

टेपरेकॉर्डर:
अल्बमचंही. आणि आजोबा कुठले, पेडण्याचे की अकोल्याचे?

जुनी_तबकडी:
ताई, आधी सुई बघा. निम्म्या लोकांना गाणं वाईट वाटतं ते झिजलेल्या सुईमुळे. मी गेल्या वर्षी बदलली आणि किशोरकुमार पुन्हा तरुण झाला. टर्नटेबल कुठलं आहे? बेल्टचं की डायरेक्ट ड्राइव्ह?

पेडणेकरीण:
अहो, इंग्लंड! स्विंडन! आम्ही इथेच राहतो, मला वाटलं लिहिलंय. आणि सुई कुठून आली, सीडी आहे.

थेम्सकाठी:
स्विंडनचा म्हणजे सुपरट्रँप असेल. त्यांचा रिक डेव्हिस मूळ तिथला. पण त्यांचा १९७० चा पहिला अल्बम ऐकून उचकी नाही, झोप येते.

खडूस_काका:
सुपरट्रँप लंडनात जमलेला बँड, त्याला गावचा कोण म्हणेल? स्विंडन अधिक उचकी म्हणजे एक्सटीसी. अल्बम 'व्हाइट म्युझिक', जानेवारी १९७८. बरोबर का, ताई?

पेडणेकरीण:
हो, तोच. एकोणीस गाणी आहेत.

खडूस_काका:
तरीच संपत नाही! मूळ एलपीवर बाराच गाणी होती. बाकीची सात सीडी काढताना भरलेली, ईपीवरची (म्हणजे तीन-चार गाण्यांची छोटी तबकडी), सिंगलच्या (सुट्या गाण्याच्या तबकडीच्या) पाठीवरची वगैरे. 'रेडिओज इन मोशन' ते 'नीऑन शफल' एवढीच बारा ऐका. क्रम हवा तर सांगतो.

आता चांगला आहे का याबद्दल. माझ्या मामेभावाने बोटीवरून याची कॅसेट आणली होती. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं डेक बिघडला. कानकाडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने हेड पुसलं, पुन्हा लावली, तरी गाणं तसंच तुटक! मग कळलं की ते मुद्दाम आहे. अँडी पार्ट्रिज शब्द गिळतो, तोडतो, मध्येच किंचाळतो. कॉलिन मोल्डिंगचा बेस वेगळ्याच वाटेने चालतो, टेरी चेंबर्सचे ड्रम एकदम ठाम आणि बॅरी अँड्र्यूजचा ऑर्गन (तुमची 'पेटी') मधूनमधून चिमटे काढतो. १९७७ च्या ऑक्टोबरात, पंकच्या, म्हणजे त्या धसमुसळ्या, झटपट रॉकच्या ऐन भरात, ऑक्सफर्डशायरमधल्या मॅनर स्टुडिओत हे सगळं आठवडाभरात उरकलं. ती घाई ऐकू येते आणि तीच त्याची गंमत आहे.

रीळवाला:
काकांचं प्रेम आंधळं आहे. पहिल्या अल्बमात नुसती तडफड आहे, चाल पूर्ण होऊच देत नाहीत. एक्सटीसी ऐकायचा तर १९८६ चा 'स्कायलार्किंग' ऐका. पावसाळी दुपारी एका बैठकीत ऐकून होतो, डोकं दुखत नाही.

खडूस_काका:
शनिवारी प्रश्न 'व्हाइट म्युझिक'वर येणार आहे, रीळवाले. अभ्यासक्रमाबाहेरचं नको.

रीळवाला:
मग अभ्यासक्रमातलंच घ्या. बॉब डायलनच्या 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' या गाण्याचं त्यांनी जे केलंय ते कुणी समर्थनीय म्हणून दाखवावं. मूळ १९६७ चं, साधं आणि गंभीर. पुढच्याच वर्षी गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने त्याला वादळ केलं. आणि ही पोरं काय करतात? शब्दांची कोशिंबीर!

खडूस_काका:
हेंड्रिक्सनंतर तसंच गायचं तर गायचं कशाला? त्यांनी गाण्याचा सांगाडा ठेवला आणि मांस काढून टाकलं. आवडू नये, पण धाडस तरी माना.

रीळवाला:
धाडस बोहारणीकडेही असतं.

टेपरेकॉर्डर:
😄 भांडा. ताई, तोवर माझं घ्या. 'स्टॅच्यू ऑफ लिबर्टी' ऐका. त्यात ऑर्गनची जी ओळ आहे ती एकदा डोक्यात शिरली की भांडी घासतानाही सुटत नाही. वर किस्साही आहे: पुतळ्याच्या झग्याखालून होडी नेण्याची कल्पना एका ओळीत आहे म्हणून बीबीसीने ते वाजवायला नकार दिला. तांब्याच्या बाईचा पदर सांभाळला! आजोबांच्या वयाच्या माणसाला हे नक्की आठवत असेल.

आणखी एक, 'धिस इज पॉप' दोन तऱ्हेचं आहे. सिंगलसाठी मट लँग या निर्मात्याकडून पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेतलं. अल्बमवरचं जॉन लेकीच्या हातचं, ते जास्त खरखरीत. हाच लेकी पुढे रेडिओहेड बँडच्या 'द बेंड्स' अल्बमचा निर्माता.

सांतिनेजचा:
स्विंडनला आपली गोव्याची माणसं बरीच आहेत म्हणतात, खरं का? माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्टच्या भानगडीत आहे. तिकडे खोलीचं भाडं काय पडतं?

पेडणेकरीण:
खूप आहेत, बसमध्ये कोंकणी ऐकू येते. भाड्याचं दुसरीकडे विचारा हो, शनिवार परवावर आलाय. टेपरेकॉर्डर, ऐकलं ते. ऑर्गनचं खरं आहे, सकाळपासून गुणगुणतेय. आता राग येतोय.

थेम्सकाठी:
स्विंडनमध्ये तो पाच छोट्या चक्रांचा मॅजिक राउंडअबाउट अजून आहे ना? येत्या महिन्यात गाडी घेऊन येतोय. आत शिरायचं कसं?

मिरजेचा_बाजा:
चौकावरून आठवलं. १९८२ च्या 'इंग्लिश सेटलमेंट'मध्ये मोल्डिंगचं 'इंग्लिश राउंडअबाउट' आहे, वाहतुकीला वैतागलेल्या माणसाचं. पाच मात्रांत बांधलंय. आपल्या झपतालाचं अर्धं आवर्तन धरा, टाळी बरोबर बसते. वाद्यांवर बसणाऱ्याने ऐकावंच. मी शिष्यांना दिलं तर एकाने विचारलं, "गुरुजी, सम कुठंय?" म्हटलं, शोध.

रीळवाला:
बघा, नंतरचंच चांगलं.

खडूस_काका:
नंतरचं चांगलं कारण आधी हे करून बघितलं. ताई, माझा सल्ला: मत देऊच नका, प्रश्न विचारा. "तुम्ही त्यांना रंगमंचावर पाहिलं होतं का?" १९८२ मध्ये पॅरिसला कार्यक्रम चालू असतानाच पार्ट्रिजचा धीर सुटला, अमेरिकेचा दौरा अर्ध्यावर टाकला आणि नंतर त्यांनी दौरेच बंद केले. म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांनी त्याआधीच पाहिलं. आजोबा तासभर बोलतील, तुम्ही बिस्किटं खा.

जुनी_तबकडी:
सीडी असली तरी प्लेयरची लेन्स पुसून घ्या.

पेडणेकरीण:
(रविवार) सगळ्यांचे आभार. गेले होते. काकांचा प्रश्न विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मग?" मी खरंच सांगून टाकलं: ऑर्गनचं गाणं आवडलं, 'नीऑन शफल'ला पाय हलला, मोल्डिंगचं 'डू व्हॉट यू डू' बरं वाटलं आणि डायलनचं ते मुळीच झेपलं नाही. ते हसत सुटले. म्हणाले, "ते गाणं लागलं की मी चहाचं आधण ठेवायला उठतो. १९७८ पासून." रेल्वेच्या कारखान्यात होते, १९८६ ला तो बंद पडेपर्यंत. बँडला गावातल्याच एका पबमध्ये पाहिलं होतं, तेव्हा त्यांच्याच टेबलावर कुणाचीतरी बिअर सांडली, एवढंच आठवतं म्हणे.

मग आत जाऊन दुसरा अल्बम घेऊन आले. 'गो टू'. कव्हरवर चित्रच नाही, काळ्यावर पांढरा टाइप केलेला मजकूर, आणि मजकूरही त्या कव्हरबद्दलच! पुढच्या शनिवारी याच्याबद्दल बोलायचंय. हा कसा आहे?

रीळवाला:
पहिल्यापेक्षा वाईट.

खडूस_काका:
उत्तम आहे. किती गाणी आहेत ते आधी मोजून सांगा.

थेम्सकाठी:
चौकाचं कुणीच सांगितलं नाही.